एकही भूत दिसत नाही, तरी अंगावर काटा येतो: टागोरांची ‘संपत्ती-समर्पण’ नेमकं काय सांगते?

गुप्तधन आणि त्याची राखण करणारं काहीतरी भयंकर, असं म्हटलं की आज अनेकांना २०१८ चा ‘तुंबाड’ आठवतो. पण रवींद्रनाथ टागोरांनी हाच विषय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका छोट्या कथेत हाताळला होता. १८९१ मध्ये सुरू झालेल्या ‘साधना’ या बंगाली मासिकात ती छापून आली. टागोरांच्या भूतकथा म्हटलं की ‘क्षुधित पाषाण’ किंवा ‘मणिहारा’चं नाव आधी येतं. ‘संपत्ती-समर्पण’ त्या मानाने मागे राहते. (पुढे कथेचा शेवट सांगितला आहे.)

गोष्ट काय आहे?

यज्ञनाथ कुंडू हा गावातला एक नंबरचा कंजूष. सकाळी त्याचं नाव घेतलं तर दिवसभर जेवण मिळणार नाही, अशी गावाची समजूत. त्याची सून आजारी पडते. वैद्य महागडं औषध सांगतो, तर यज्ञनाथ वैद्यालाच हाकलून देतो. सून मरते. मुलगा वृंदावन बापाला खुनी ठरवतो आणि चार वर्षांच्या गोकुळला घेऊन घर सोडतो.

सुरुवातीला यज्ञनाथला खर्च वाचल्याचं बरंच वाटतं. मग नातवाविना घर खायला उठतं.

काही वर्षांनी घरातून पळून आलेला निताई पाल नावाचा एक खोडकर मुलगा गावात येतो. म्हातारा त्याला आसरा देतो. मुलाचा बाप, दामोदर पाल, शोधत येतोय असं कळताच निताई पुन्हा पळायला बघतो. यज्ञनाथ म्हणतो, मी तुला लपवतो. रात्री तो त्याला जंगलातल्या पडक्या देवळात नेतो आणि शिडीने तळघरात उतरवतो. तिथे नाण्यांनी भरलेले हंडे असतात. मुलाला आसनावर बसवून तो त्याची पूजा करतो, त्याच्याकडून वचन घेतो, मग एकटाच वर येतो, शिडी ओढून घेतो आणि तोंड बुजवून टाकतो.

हे सगळं कशासाठी?

यामागे बंगालमधली ‘यख’ची समजूत आहे. यख म्हणजे यक्ष, धनाचा राखणदार. पुरलेल्या धनाजवळ एखाद्याला जिवंत कोंडलं, की मेल्यावर तो यख होतो आणि खरा वारस येईपर्यंत ते धन राखतो, असं मानलं जायचं. आपल्याकडे धनावर भुजंग बसतो म्हणतात, तसंच. जिवापाड जपलेल्या पैशाला बंगालीत आजही ‘यखाचं धन’ म्हणतात.

यज्ञनाथने निताईकडून वचन घेतलं ते हेच: हे धन गोकुळला किंवा त्याच्या वंशजांनाच द्यायचं.

मग भूत कुठे आहे?

खड्डा बुजवताच यज्ञनाथला जमिनीखालून रडणं ऐकू येऊ लागतं. तेवढ्यात मुलाला शोधत आलेला वृंदावन समोर उभा राहतो. दामोदर पाल म्हणजे तोच. बापाच्या कंजूषपणाची एवढी बदनामी झाली होती की त्याने स्वतःचं आणि मुलाचंही नाव बदललं होतं. निताई म्हणजेच गोकुळ.

त्यानंतर यज्ञनाथ भेटेल त्याला विचारत राहतो, रडणं ऐकू येतंय का? कुणालाच ते ऐकू येत नाही. काही वर्षांनी मरताना तो विचारतो, माझी शिडी कुणी काढून घेतली? ज्या खड्ड्यात त्याने नातवाला सोडलं, त्याच खड्ड्यात शेवटी तो मनाने अडकलेला असतो.

कथेचा मुद्दा काय?

यज्ञनाथने माणसाचा जीव पैशाच्या तराजूत दोनदा घातला. सून गेली तेव्हा त्याच्याकडे युक्तिवाद तयार होता: औषध घेणारे मरत नाहीत का? हिशेब तिथेच मिटला. दुसऱ्या वेळी मात्र कसलीही सबब उरली नव्हती.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. रडणं ऐकू यायला लागतं ते निताई आपला नातू आहे हे कळण्याच्या आधी. म्हणजे मुलगा परका आहे असं समजत असतानाच म्हाताऱ्याचं मन त्याला खाऊ लागलं होतं. सत्य कळल्यावर तो आवाज थांबवणं अशक्य झालं, एवढंच.

आणि त्याची इच्छा पूर्णही झाली. धन गोकुळच्याच हवाली झालं. फक्त वारस आणि वारसा एकाच तळघरात बंद झाले. ज्या लोभापायी हे केलं, त्याच लोभाच्या बदनामीने नातवाचं नाव बदललं होतं, म्हणूनच तो ओळखू आला नाही.

आज ही कथा का वाचायची?

कारण गुप्तधनासाठी बळी देण्याची समजूत फक्त जुन्या गोष्टींत उरलेली नाही. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अधिकृत नावात ‘नरबळी’ हा शब्द आहे. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यंही त्याच्या कक्षेत येतात. असे प्रकार उघडकीस येतात तेव्हा चर्चा मांत्रिकाची आणि धनाची होते. टागोरांनी मात्र वाचकाला वर, बुजवलेल्या खड्ड्यापाशी थांबवलं आणि खाली कोंडलेल्या मुलाचं रडणं ऐकायला लावलं.