इतिहासाचार्य राजवाडे आणि आपल्या माळ्यावरचीं दप्तरें

श्राद्धाच्या दिवशीं आपण पिता, पितामह आणि प्रपितामह अशीं तीन पिढ्यांचीं नांवें उच्चारतों. त्यांच्या मागोमाग माता, पितामही आणि प्रपितामही येतात. क्वचित् एखाद्या नांवाशीं आपण अडखळतों, घरांतील कोणी वडील माणूस तें आंतून सांगतें, आणि विधि पुढें चालूं लागतो. चौथ्या पिढीविषयीं गुरुजी विचारीत नाहींत हें एक बरें आहे. विचारतील तर आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या कुटुंबांतही बहुतेक ठिकाणीं सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतील.

ज्या थोड्या घरांत या प्रश्नाचें उत्तर मिळतें, त्यांपैकीं पुष्कळांनीं ज्याचें ऋण मानावयास पाहिजे असा एक पुरुष धुळ्यास ३१ डिसेंबर १९२६ रोजीं निवर्तला. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे हें त्यांचें नांव. 'इतिहासाचार्य' या पदवीनें महाराष्ट्र त्यांस ओळखतो, व मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे त्यांनीं काढलेले बावीस खंड ग्रंथालयांच्या कपाटांत उभे असलेले आपण पाहिले आहेत. परंतु हे खंड म्हणजे प्रायः दुसऱ्यांच्या घरचे कागद आहेत, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. राजवाड्यांनीं इतिहास शोधला तो दरबारांत किंवा कचेऱ्यांत नव्हे. कुळकर्ण्यांच्या, देशपांड्यांच्या, जोशी-उपाध्यांच्या व सावकारांच्या माळ्यांवर, धुरानें काळ्या झालेल्या पेट्यांत आणि लाल रुमालांत त्यांस तो सांपडला.

त्यांचा जन्म कुलाबा जिल्ह्यांतील वरसई या गांवीं १८६३ सालीं झाला. वडील लहानपणींच वारले. पुण्यास बी. ए. झाल्यावर त्यांनीं कांहीं काळ शिक्षकाचें काम केलें. लग्न झालें, पण पत्नी लौकरच वारली व त्यांनीं पुन्हां संसार मांडला नाहीं. पुढें आयुष्यभर हा मनुष्य गांवोगांव हिंडत राहिला. स्वयंपाक स्वतः करावा, जाडेंभरडें नेसावें, मिळेल तेथें पथारी पसरावी असा क्रम असे. इंग्रजी उत्तम येत असतांही आपलें संशोधन त्यांनीं मराठींतच लिहिलें. साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. त्यांत १७५० ते १७६१ या काळांतील पत्रें आहेत. पानपतावर काय झालें हें तोंपर्यंत बखरकारांच्या कल्पनेवर अवलंबून होतें. त्या खंडानें ज्यांनीं तें पाहिलें व भोगलें त्यांचेंच लिहिणें लोकांपुढें ठेवलें.

हे कागद मिळविणें सोपें नव्हतें. आज आपणांस वाटतें कीं, कोणी विद्वान् दारीं आला तर कोण नाहीं म्हणेल? परंतु त्या काळच्या घरधन्याची अडचण समजून घेतली पाहिजे. १८५२ च्या कायद्यानें नेमलेल्या इनाम कमिशननें घरोघरच्या सनदा मागविल्या होत्या, व त्या तपासणींत कित्येकांचीं इनामें गेलीं होतीं. ती धास्ती आजोबांकडून नातवांकडे उतरली होती. कागद दाखविला कीं जमीन जाते, अशी समजूत खोल रुजली होती. दुसरें भय भाऊबंदकीचें. पेटीच्या तळाशीं कोणत्या वांटणीचा कोणता करार निघेल याचा नेम नसे. अशा घरीं जाऊन ओसरीवर बसावें, विश्वास संपादावा, वाळवी लागलेलीं दप्तरें एकेक सोडावीं, जें महत्त्वाचें असेल तें उतरून घ्यावें, आणि तें कोणत्या घराण्याचें हें नमूद करून छापावें, हें काम राजवाड्यांनीं तपानुतपें केलें. ज्या घरांत मोडी वाचणारें माणूस उरलें नव्हतें, त्या घरांस आपले पूर्वज कोण होते, कोणत्या मोहिमेंत होते, कोणाच्या पदरीं होते, हें छापील पुस्तकावरून प्रथम समजलें. अशा कामांत द्रव्य मिळत नसतें.

पालघर, केळवें-माहीम, बोईसर, चिंचणी-तारापूर या टापूंतील वाचकांवर तर त्यांचे उपकार विशेष आहेत. १९२४ सालीं त्यांनीं 'महिकावतीची बखर' संपादून प्रसिद्ध केली. उत्तर कोंकणच्या किनाऱ्याची ही जुनी बखर आहे. ती एका हातची नाहीं; निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या लेखकांनीं तींत प्रकरणें घातलीं आहेत, कांहीं ओवीबद्ध तर कांहीं गद्य. तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्य नांवाच्या ब्राह्मणाचा असून तो शके १३७० चा, म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमाराचा मानला जातो. प्रतापबिंब राजा या किनाऱ्यावर आला, त्याच्याबरोबर सहासष्ट कुळें आलीं, तीं कोठें कोठें वसलीं, त्यांचीं गोत्रें व कुलदेवता कोणत्या, कोणास कोणतें वतन मिळालें, असा तिचा विषय आहे. राजांच्या हकीकतीइतकीच, किंबहुना अधिक, ती घराण्यांची हकीकत आहे.

केशवाचार्यांनीं ही वंशावळ कां सांगितली, याची बखरींतच दिलेली कथा मोठी मनोवेधक आहे. राज्यें बुडालीं होतीं, परकी अंमल बसला होता, कुळें आपापले आचार व संबंध विसरूं लागलीं होतीं. तेव्हां मालाडच्या नायकोरावास देवीनें स्वप्नांत दर्शन देऊन महाराष्ट्रधर्म रक्षण्याची आज्ञा केली. मग ठिकठिकाणचे लोक मालाडास जमले व त्या सभेंत केशवाचार्यांनीं कुळांची परंपरा सर्वांस ऐकविली. स्वप्नावर कोणी विश्वास ठेवावा, कोणी न ठेवावा. आम्हांस त्यांत लक्षांत घेण्याजोगें वाटतें तें हें कीं, आपण कोण हें विसरत चाललों आहों याची चिंता पांचशें-पावणेसहाशें वर्षांपूर्वींच्या लोकांसही पडली होती, आणि तिजवर त्यांनीं काढलेला उपाय म्हणजे ज्यास माहीत आहे त्यानें सर्वांस सांगावें हाच होता.

राजवाड्यांनीं ही बखर नुसती छापून टाकली नाहीं. तिला विस्तृत प्रस्तावना जोडून तींतील आडनांवें, ग्रामनामें, भाषा व वसाहती यांचा ऊहापोह केला. एकामागून एक राजवटी बदलल्या तरी सामान्य रयत उदासीन कां राहिली, असा मोठा प्रश्न त्यांनीं तेथें उपस्थित केला आणि देशांतील अन्नाच्या सुलभतेंत त्याचें एक कारण शोधलें. हें उत्तर आम्हांस पुरें पटत नाहीं. किनाऱ्यावरच्या कोळ्याचें, पानवेलीच्या बागाइतदाराचें किंवा रानांतल्या वारल्याचें पोट इतक्या सहजीं कधींच भरलें नसावें. पण बखर समोर ठेवली म्हणूनच असा वाद करतां येतो.

येथें त्यांच्या दोषांकडेही कानाडोळा करून चालणार नाहीं. कागद देण्यांत हा पुरुष जितका उदार, तितका मत देण्यांत नव्हता. जातींविषयीं त्यांनीं केलेलीं कित्येक विधानें अन्यायाचीं होतीं. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयीं त्यांनीं लिहिलेल्या मजकुरावर प्रबोधनकार ठाकऱ्यांनीं १९१८ सालीं 'कोदंडाचा टणत्कार' हें पुस्तक लिहून सडेतोड उत्तर दिलें, आणि त्या वादांत राजवाड्यांची बाजू उजळ होती असें आज कोणी म्हणूं नये. स्वभावही तापट. सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्यानें ७ जुलै १९१० रोजीं त्यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, आणि पुढें त्याच मंडळाशीं बेबनाव होऊन ते धुळ्याकडे निघून गेले. तरी पण एक गोष्ट विसरतां येत नाहीं. भांडण झालें म्हणून त्यांनीं जमविलेले कागद घरांत कोंडून ठेवले नाहींत. मंडळ त्यांच्यावांचूनही चालूं राहिलें. त्यांच्या पश्चात् भास्कर वामन भट प्रभृति मंडळींनीं ९ जानेवारी १९२७ रोजीं धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ उभारलें, आणि त्यांचा संग्रह तेथें अभ्यासकांस खुला झाला.

त्यांनीं घातलेल्या वाटेनें पुष्कळ लोक गेले. रियासतकार सरदेसायांनीं ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी एकत्र करून १९५७ सालीं प्रसिद्ध केल्या. गणेश हरि खरे हे मूळचे पनवेलचे. फारसी व शिलालेखांची लिपि यांत ते पारंगत झाले, आणि पुढच्या अभ्यासकांची वाट सोपी व्हावी म्हणून त्यांनीं 'संशोधकाचा मित्र' नांवाचें पुस्तकच लिहून ठेविलें. एकेका आडनांवाचे कुलवृत्तांत तर आपल्यांतील पुष्कळ घरांत असतील. ते पदरमोड करून, पत्रांवर पत्रें लिहून, न येणाऱ्या उत्तरांची वाट पाहून तयार केलेले असतात, हें ज्यांनीं तें काम केलें आहे तेच जाणतात.

वंशावळ हातीं आली कीं ती खरी मानण्याची घाई मात्र करूं नये. जुन्या वंशावळी कौतुकानें लिहिलेल्या क्वचितच असत. वतनाचा तंटा गोतसभेपुढें किंवा सरकारांत गेला म्हणजे दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत. मूळ पुरुष कोण, वडील शाखा कोणाची, वतन कोणाकडून कोणाकडे आलें, हें त्यांत सांगितलेलें असे. अर्थात् ज्याचा हक्क त्याच्याच बाजूला शाखा वांकलेली. प्रतिपक्षाचा करीना, साक्षीदारांचा महजर आणि शेवटचें निवाडपत्र हीं तिन्ही जुळवून पाहिल्यावांचून खरा पुरुष कळत नाहीं. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या या कामीं फार उपयोगी पडतात. यात्रेस गेलेल्या पूर्वजानें स्वतःच्या हातानें आपलें गांव, बाप, आजा व बरोबरचीं माणसें नोंदविलेलीं असतात, आणि तेथें खोटें लिहिण्याचें त्यास कारण नसतें.

तारापूरचीच गोष्ट घ्या. चिमाजी अप्पांच्या फौजेनें १७३९ च्या जानेवारींत हा किल्ला फिरंग्यांकडून घेतला, व त्या वेढ्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले. एवढें शाळेच्या पुस्तकांतून कळतें. पण त्या मोहिमेनंतर या किनाऱ्यावर कोण कोण येऊन राहिलें, कोणास कोणत्या गांवचें जोशीपण मिळालें, पोर्तुगीज अमदानींत परागंदा झालेलीं कोणतीं कुटुंबें परतलीं, हें घरोघरच्या कागदांवांचून कोठून कळणार? आणि तीं घरेंच आतां हललीं आहेत. १९६९ सालीं तारापूरची अणुवीज सुरू झाली, बोईसरला कारखाने आले. पुढें त्याच केंद्राच्या वाढीसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठून दुसरीकडे वसलीं. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि जमिनीला न ऐकलेले भाव आले. घर सोडतांना माणूस देव घेतो, भांडीं घेतो, दागिने घेतो. मोडींतल्या चळती कोण घेणार? वाडा पाडून इमारत बांधणाऱ्याचीं माणसें माळा रिकामा करतात तेव्हां घरांतील कोणी तेथें उभें असतेंच असें नाहीं.

एकत्र कुटुंब होतें तोंवर माळा सर्वांचा होता, म्हणून त्यावरची पेटी कोणी टाकीत नसे. वांटण्या झाल्या कीं पेटी कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. आपल्यांतील ज्या कुटुंबांत अजून चुलते-पुतणे एका छपराखालीं आहेत, त्यांनीं हें काम दिवाळीच्या साफसफाईपूर्वीं करावें, कारण बहुतेक दप्तरें रद्दींत जातात तीं त्याच आठवड्यांत. पेटी कोरड्या दिवशीं उघडावी. रुमाल ज्या क्रमानें बांधला असेल तो क्रम मोडूं नये. बांधणाऱ्यानें तो कांहीं हिशेबानें बांधलेला असतो. कागदांस डिंक किंवा चिकटपट्टी लावूं नये, ओले तर मुळींच करूं नयेत. आतां प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेणारा फोन आहे. राजवाड्यांस जें उतरून घेण्यास महिने लागत, तें एका दुपारीं होतें. मोडी येत नसली तरी अडत नाहीं. ती शिकविणारे वर्ग ठिकठिकाणीं चालतात, आणि मूळ कागद घरीं राखणें जमत नसेल तर पुण्याचें व धुळ्याचें अशीं दोन्ही मंडळें आजही आहेत.

आणि पेटी उघडण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ वही घेऊन बसावें. वंशावळींच्या जुन्या कागदांत मुलगे सारे असतात, मुली बहुधा नसतात, आणि सुना असल्याच तर सासरच्या नांवानें. तिचें माहेरचें नांव काय, तिच्या आईचें माहेर कोठलें, कोणाचें बाळंतपण कोणत्या गांवीं झालें, पटकीच्या सालीं कोण गेलें, हें कोणत्याही दप्तरांत मिळणार नाहीं. तें तिच्याजवळच आहे.