मूळव्याधीचा कोंब नवा नसतो

मूळव्याधीचा कोंब म्हणजे अंगात नव्याने उगवलेली गाठ, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या (गुदोपधान) प्रत्येकाला जन्मापासून असतात, बहुधा तीन. नळातल्या वॉशरसारख्या त्या दार घट्ट मिटवतात. वायू आणि पातळ मल अडतो तो काही अंशी त्यांच्यामुळेच. थॉमसन या शल्यविशारदांनी १९७५ साली ही बाजू मांडली. गाद्यांना जागेवर धरणारे संयोजी ऊतक (बांधून ठेवणारे तंतू) वयाबरोबर सैल होते. त्यात रोजचे कुंथणे, गरोदरपणातला दाब, मोबाइल घेऊन संडासात रेंगाळणे (ही भर अलीकडची) यांची जोड मिळाली की गाद्या खाली घसरतात आणि रक्त साचून फुगतात.

मग तिखट खाल्ल्यावर त्रास का वाढतो? मिरचीतल्या झोंबणाऱ्या द्रव्याने आधीच हुळहुळलेल्या जागी आग होते, हे खरे. पण कोंब त्याने तयार होत नाही. नुसती मिरची सोडून पालेभाजी, कडधान्ये आणि पाणी न वाढवणाऱ्याचा मल कडकच राहतो, कुंथणेही सुटत नाही. मात्र रक्त पडले म्हणजे मूळव्याधच, असे गृहीत धरू नये. डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावे.