छातीवर कोण बसतं? झोपेतल्या मेंदूची गोष्ट

ताईंनो, बुटीबोरीच्या एमआयडीसीत कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा पाळीवर जातो. रातपाळी लागली की झोप सगळ्या घराचीच मोडते. मग बैठकीत बचत-कर्जाचा विषय संपला की एखादी ताई हळूच विचारते, "पहाटे जाग येते, पण हात हलत नाही, आवाज निघत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते. हे काय आहे बाई?" दुसरी म्हणते, बाहेरचं आहे, भगताला दाखव. म्हणून या अंकात झोपेविषयी.

झोपलो म्हणजे मेंदू बंद पडला, असं नसतं. मेंदूत सतत बारीक वीज खेळते. डोक्याला तारा चिकटवून तिच्या लहरी कागदावर उमटवतात, त्या तपासणीला ईईजी म्हणतात. (शॉक बसत नाही, भिऊ नका.) जर्मनीचे डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची अशी नोंद पहिल्यांदा घेतली. जागेपणी लहरी लहान आणि भराभर, गाढ झोपेत मोठ्या आणि संथ.

झोप लागून साधारण दीड तास झाला की गंमत होते. आपण झोपलेलोच असतो, पण लहरी पुन्हा जागेपणासारख्या लहान आणि वेगवान होतात, बंद पापण्यांखाली बुबुळं सरसर फिरतात. ही रेम झोप. शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती १९५३ मध्ये जगापुढे मांडली. ठळक स्वप्नं बहुतेक याच वेळी पडतात. नवजात बाळाची तर जवळपास अर्धी झोप अशीच असते. बाळ झोपेत हसलं की आपण सटवाई हसवते म्हणतो ना, ते बहुतेक याच झोपेत.

रेममध्येही दोन अवस्था आलटून-पालटून येतात. एकीत बुबुळं पळतात, बोटं-ओठ थरथरतात, श्वास कमी-जास्त होतो. बुबुळं पळायच्या जरा आधी ईईजीवर करवतीच्या दातांसारख्या लहरी दिसतात. तेव्हा हाक मारली तरी माणूस लवकर उठत नाही. दुसरीत डोळे शांत असतात, अल्फा आणि बीटा या वेगवान लहरी वाढतात आणि बाहेरची चाहूल लागते.

या सगळ्या वेळात मेंदू हातापायांना कुलूप लावून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातलं भांडण खाटेवरच केलं असतं! कधी कधी कुलूप उघडायच्या आधीच जाग येते. त्या वेळी ईईजीवर रेम झोपेत जागेपणीच्या अल्फा लहरी मिसळलेल्या दिसतात. छातीचे स्नायूही ढिले असल्यानं खोल श्वास घेता येत नाही, म्हणून दाब वाटतो. अर्धवट स्वप्न चालू असतं, म्हणून कोणी उभं दिसतं. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटतं. जिवाला धोका नसतो.

अपुरी झोप, बदलत्या पाळ्या आणि उताणं झोपणं यानं हे जास्त होतं. रेम झोप पहाटेकडे वाढते आणि आपण तर चारलाच पाणी-डब्यासाठी उठतो! घरातल्यांशी यावर बोला, कामं वाटून घ्या.

भगतासाठी गटातून कर्ज काढू नका, स्पष्टच सांगते. भूत उतरवण्याच्या नावानं मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. वारंवार होत असेल, दिवसा अनावर झोप येत असेल किंवा कोणी झोपेत लाथा-बुक्क्या मारत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

तसं झालंच तर घाबरून सगळं अंग हलवू नका, एकच बोट हलवायचा प्रयत्न करा. शेजारी कोणी कण्हताना दिसलं तर नुसता हात लावा, बऱ्याचदा तेवढ्यानं सुटतं.