काका, मामा आणि एक सिंहासन: कल्पित भाषेतली नाती

आजचा भाग फँटसी लिहिणाऱ्यांसाठी, गेम बनवणाऱ्यांसाठी आणि लहानपणी 'च'ची भाषा बोलून घरच्यांना हैराण केलेल्या सगळ्यांसाठी. प्रश्न साधा आहे. आपण स्वतः एखादी भाषा रचायला घेतली, तर तिच्यात आई, बाप, भाऊ, काका हे शब्द कसे ठरवायचे?

मी दिवसा कोल्हापुरात बसून सॉफ्टवेअर लिहितो. रविवारी आम्ही चार मित्र एक टेबलटॉप गेम खेळतो, आमचा आम्हीच रचलेला. त्यात नदीकाठी राहणारे लोक आहेत आणि त्यांची भाषा बनवायचं काम माझ्याकडं आहे. त्यामुळं हा विषय सध्या डोक्यात फिरतोय.

बहुतेक जण इथं काय करतात? एक्सेल उघडतात. डाव्या रकान्यात फादर, मदर, ब्रदर, अंकल, आंट, कझिन. उजव्या रकान्यात झोर्क, मेल्ला, थ्राग. अर्ध्या तासात यादी तयार! पण हे म्हणजे इंग्रजी घरातल्या माणसांना मुखवटे घातल्यासारखं झालं. आत माणसं तीच.

कारण नात्याचा शब्द हा एक नियम असतो. कोण कुणाच्या घरी राहणार, मालमत्ता कुणाकडं जाणार, लग्न कुणाशी चालतं, हे सगळं त्या एका शब्दात भरलेलं असतं. पटत नसेल तर आपल्याच भागातला इतिहास बघू.

१८४८ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी, म्हणजे अप्पासाहेब, वारले. जाण्याआधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. डलहौसीच्या काळातल्या कंपनी सरकारनं तो गादीचा वारस मानला नाही, आणि सातारा खालसा झालं. १८५७ नंतर इंग्रजांचं धोरण बदललं. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव नावाचा नऊ वर्षांचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. तेच आपले राजर्षी शाहू महाराज. दोन्हीकडं शब्द एकच होता, 'मुलगा'. त्या शब्दात कोण बसतं हे कोण ठरवणार, यावर एक राज्य गेलं आणि एक राहिलं.

म्हणून पहिली पायरी: शब्द बाजूला ठेवा, आधी घर ठरवा. लग्नानंतर कोण कुणाकडं राहायला जातं? वारसा कुणाला? मेघालयातल्या खासी लोकांत वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडं जातं, आणि तिला स्वतंत्र नाव आहे, 'का खद्दुह'. जिथं वाटणी होते, तिथं शब्द जन्माला येतो.

दुसरी पायरी: भेद कुठं करायचा आणि कुठं नाही. आपण प्रोग्रामर लोक याला पॅरामीटर म्हणू. आई-वडिलांच्या भावंडांचं बघा. आईकडचं की वडिलांकडचं, पुरुष की बाई, आईवडिलांपेक्षा मोठं की लहान. तीन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे आठ शक्यता. इंग्रजी त्यातला एकच प्रश्न विचारते आणि दोन शब्दांत भागवते. मराठी दोन प्रश्न विचारते: काका, आत्या, मामा, मावशी. हिंदी वडिलांच्या भावांपुरता तिसराही विचारते, म्हणून तिथं ताऊ वेगळा आणि चाचा वेगळा.

'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्यांना माहीत असेल, जॉर्ज मार्टिन यांनी २००५ च्या कादंबरीत 'व्हॅलोंकार' असा एक शब्द वापरला. अर्थ, धाकटा भाऊ. पुढं मालिकेसाठी डेव्हिड पीटरसन यांनी हाय व्हॅलिरियन भाषा पूर्ण रचली. त्यांच्या भाषेत थोरल्या भावाला वेगळा शब्द आहे, 'लेकिया'. बहिणींनाही तसेच दोन शब्द. एका शब्दात दडलेला भेद त्यांनी सगळ्या भावंडांना लावला. आपल्याला हे नवीन नाही. निपाणीच्या पुढं कन्नड मुलखात गेलात की अण्णा थोरला, तम्मा धाकटा, अक्का थोरली, तंगी धाकटी. त्यातले अण्णा आणि अक्का आपल्या घरांतही राहायला आलेत.

तिसरी पायरी: सगळे शब्द नव्यानं घडवू नका, तुकडे जोडा. मराठीनं काय केलंय बघा. चुलत, आते, मामे, मावस हे चार तुकडे, आणि भाऊ, बहीण हे दोन. सहा तुकड्यांत आठ नाती बसवली. इंग्रजीत या आठही जणांना एकच शब्द, कझिन. 'स्टार ट्रेक'साठी क्लिंगॉन रचणाऱ्या मार्क ओक्रँड यांनीही हीच युक्ती केली. 'पुक' म्हणजे मूल, 'लोद' पुरुष, 'बे' बाई. म्हणून मुलगा 'पुकलोद' आणि मुलगी 'पुकबे'. आणि 'बाहुबली'मधली कालकेयांची किलिकी आठवतेय? ती रचणारे मदन कार्की तमिळ गीतकार आहेत, आणि कॉम्प्युटर सायन्समधले पीएच.डी. त्यांनी 'मी'साठी 'मिन' घेतला आणि 'तू'साठी तोच उलटा फिरवून 'निम'. लक्षात ठेवायला सोपं, आणि दोन शब्दांचं आपसातलं नातंही दिसतं.

चौथी पायरी: आवाज. आई-बापाचे शब्द जगभर 'मामा, बाबा, पापा' असेच का? रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञानं दिलेलं उत्तर असं की तान्ह्या बाळाला ओठांचे आवाज लवकर जमतात आणि जवळची माणसं ते आपल्याला चिकटवून घेतात. पण चिकटतं कुणाला, ते पक्कं नसतं. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई! आपल्याकडं मामा आईचा भाऊ झाला, आणि 'आई'त तर ओठ मिटतच नाहीत. तेव्हा जवळच्या नात्यांना बाळाच्या तोंडचे सोपे आवाज द्या आणि लांबच्या नात्यांना लांबलचक शब्द.

पाचवी पायरी मला सगळ्यात आवडते: हाक. नातं सांगायचा शब्द आणि हाक मारायचा शब्द वेगळे असू शकतात. बहिणीच्या नवऱ्याला आपण मेहुणा म्हणून ओळख करून देतो, पण हाक मारतो 'दाजी'. आणि रंकाळ्यावर भेळ खाताना शेजारच्या अनोळखी पोराला 'काय भावा' म्हणतो, तेव्हा वंशावळ कोण काढत बसतं?

हाकांमध्ये जुना काळ अडकून राहतो. आपल्या खेड्यांत कितीतरी सुना सासूला 'आत्या' आणि सासऱ्याला 'मामा' म्हणतात. का? मामाच्या मुलीशी लग्न करायचा रिवाज इथल्या अनेक समाजांत होता, अजूनही आहे. अशा लग्नात मुलीची सासू ही खरंच तिची आत्या असते, आणि मुलाचा सासरा हा खरंच त्याचा मामा. पुढं लग्न परक्या घरात झालं तरी हाक तीच राहिली. कन्नडमध्येही आत्या आणि सासू दोघी 'अत्ते', मामा आणि सासरा दोघे 'माव'. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या इरावती कर्वे यांनी १९५३ च्या 'किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या पुस्तकात देशाचे नात्यांनुसार विभाग पाडले आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात ठेवला. उत्तरेची आणि दक्षिणेची रीत इथं एकत्र येते. भाषा रचणाऱ्यानं हे पुस्तक एकदा तरी चाळावं.

आता हे सगळं वापरून आमच्या नदीकाठच्या लोकांचं काय केलं, ते सांगतो. नियम दोन. घर आईकडून थोरल्या मुलीला जातं. होडी मामाकडून भाच्याला किंवा भाचीला जाते. नवरा आपल्या बहिणीच्या घरी राहतो आणि बायकोकडं येऊन-जाऊन असतो.

यातून शब्द आपोआप पडत गेले. आई 'नाने'. मावश्या एकाच घरात राहतात, म्हणून त्याही नाने, फक्त थोरली 'दुनाने' आणि धाकटी 'कीनाने', कारण घराच्या वाटणीत वय मोजलं जातं. मामा 'सोर', आणि ज्याला त्याची होडी मिळणार तो किंवा ती 'सोरली', म्हणजे छोटा सोर. वडील 'बेतू'. या शब्दाचा दुसरा अर्थ पाहुणा. वडिलांकडच्या बाकी सगळ्यांना एकच शब्द, 'बेतान'. काका, आत्या, आजोबा, सगळे त्यात. त्यांच्याकडून काही मिळायचं नाही, तर वेगळे शब्द कशाला?

मग खेळता खेळता एका मित्रानं विचारलं, "माझ्या होडीवाल्याला पुरात वाहत आलेलं एक पोर सापडलंय. त्याला काय म्हणायचं?" दोन तास वाद झाला. एकाचं म्हणणं, सापडलेल्या मुलाला वेगळा शब्द हवा. पण वेगळा शब्द केला की होडीच्या नियमात ते पोर बसत नाही, आणि म्हातारपणी होडी काठावर कुजते. शेवटी मतं घेतली. तीन विरुद्ध एक. सापडलेलं पोरही 'सोरली'च. आमच्या भाषेत जन्मलेलं आणि आणलेलं असा भेद करणारा शब्दच नाही, आणि त्यामुळं त्या पोराला होडी मिळाली.

तुमच्या भाषेत एक प्रयोग करून बघा. म्हाताऱ्या पात्रांच्या तोंडी चार शब्द ठेवा आणि तरुणांच्या तोंडी त्या चारांसाठी एकच. आपण नाही का, मामेभाऊ असो नाहीतर चुलतभाऊ, ऑफिसात 'माझा कझिन' म्हणून मोकळे होतो? शेती वाटून झाली, सगळे फ्लॅटमध्ये आले, भेद सांगायची गरज कमी झाली. तुमच्या जगात काय बदललं, हे वाचणाऱ्याला न सांगता कळेल.

तर या आठवड्याचा गृहपाठ: दहा शब्दांची यादी करा, आणि प्रत्येक शब्दापुढं एक ओळ लिहा, 'या माणसाला काय मिळतं?' उत्तर सापडलं नाही, तर तो शब्द तूर्त खोडून टाका. भेटू पुढच्या भागात, भावांनो आणि बहिणींनो!