मातीतला कर्ब आणि देशाचा हिशेब

पॅरिस कराराच्या निमित्ताने २०१५ मध्ये दिलेल्या वचनानुसार भारताला २०३० पर्यंत वने आणि वृक्षाच्छादन वाढवून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा कर्ब साठवायचा असून, हे वचन कितपत पाळले गेले हे ठरवण्यासाठी मुळात किती कर्ब साठलेला आहे हे मोजावे लागते. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातील वनांमध्ये ७२८ कोटी ५५ लाख टन कर्ब आहे आणि त्यातील अर्ध्याहून अधिक वाटा झाडांत नव्हे, तर मातीत आहे.

हा साठा पाच भागांत मोजला जातो: खोड, फांद्या व पाने यांचा जमिनीवरचा जैवभार, मुळांचा जमिनीखालचा जैवभार, वाळून पडलेले लाकूड, पालापाचोळा आणि मातीतील सेंद्रिय कर्ब. झाड तोडून तोलता येत नसल्यामुळे जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण माणसाच्या छातीच्या पातळीवर, खोडाची जाडी मोजतात; त्या जातीसाठी आधीच बसवलेल्या समीकरणातून लाकडाचे घनफळ, घनफळाला लाकडाच्या घनतेने गुणून जैवभार आणि कोरड्या जैवभाराच्या साधारण ४७ टक्के कर्ब धरून साठा काढला जातो. नमुना-क्षेत्रांतील हे आकडे उपग्रह-नकाशांतील वनप्रकार व घनतेशी जोडून देशभर लागू केले जातात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेल्या 'निसार' उपग्रहाच्या रडारलहरी पानांच्या छतातून आत शिरून जैवभाराचा अंदाज देऊ शकतात. मात्र जंगलाच्या मातीत दडलेला कर्ब त्यांनाही तोलता येत नाही.

त्यासाठी मातीच खणावी लागते. एक हेक्टर जमिनीचा ३० सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे ३,००० घनमीटर माती. तिची स्थूल घनता, म्हणजे एक घनमीटर मातीचे कोरडे वजन, १.२ टन असेल तर ती ३,६०० टन भरते आणि तिच्यात एक टक्का सेंद्रिय कर्ब असल्यास साठा ३६ टन होतो. हे प्रमाण काही वर्षांत १.१ टक्क्यांवर गेले तर हेक्टरी ३.६ टनांची वाढ होते. परंतु घनता मोजताना दहा टक्क्यांची चूक झाली, तरी नेमका तेवढाच फरक कागदावर उमटतो, आणि खडे-गोटे वजा करायचे राहिले तर हिशेब आणखी फुगतो.

दख्खनच्या काळ्या मातीत याहून वेगळी अडचण येते. तिच्यातील चुनखडीतही कर्ब असतो, पण तो सेंद्रिय नसतो. म्हणून नमुना नुसता जाळून निघालेला एकूण कर्ब ग्राह्य धरता येत नाही. १९३४ पासून प्रचलित असलेल्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून फक्त सेंद्रिय कर्बाचे ऑक्सिडीकरण केले जाते. मात्र तेही अपुरे होत असल्याने आलेल्या आकड्याला साधारण १.३ ने गुणावे लागते.

मातीकडे दुर्लक्ष झाले की धोरणही चुकते. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील माळरानांवर झाडे विरळ असली, तरी तेथील गवताचा मोठा भाग मुळांच्या रूपाने जमिनीखाली असतो, आणि ती मुळे कुजून मातीतला कर्ब वाढवत राहतात. अशी जमीन 'पडीक' समजून तेथे वृक्षारोपणासाठी सरसकट खणाई केली, तर मोकळ्या झालेल्या मातीतील कर्ब हवेत जातो. नोंद मात्र लावलेल्या रोपांचीच होते.

म्हणून त्याच जागी, तितक्याच खोलीवर आणि त्याच पद्धतीने दर काही वर्षांनी पुन्हा नमुना घेणे हाच या हिशेबाचा खरा आधार आहे. वनांबरोबर गवताळ माळ आणि शेतजमिनीही अशा नियमित मोजणीखाली आल्या, तरच देशाने साठवलेला कर्ब आणि देशाने गमावलेला कर्ब एकाच वहीत समोरासमोर मांडता येईल.