कॅथलिक शाळांचा निधी आणि चर्चच्या मालमत्तेचा वाद : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

सारांश : ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या मालमत्तेविषयीचा वाद आणि कॅथलिक शाळांची आर्थिक ओढाताण हे विषय सामान्यतः स्वतंत्रपणे चर्चिले जातात. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे. शाळेचा पैसा कोठून येतो यावर तिच्या वर्गात कोण बसेल हे ठरते. म्हणून मालमत्तेच्या आकारापेक्षा निधीचा स्रोत व त्याचा हिशोब हा अधिक मूलगामी प्रश्न ठरतो.

बीजशब्द : कॅथलिक शाळा, धर्मप्रांत, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था, विदेशी अंशदान, अल्पसंख्याक शिक्षणसंस्था.

१. प्रस्तावना

'मिशन' ही संज्ञा यवतमाळ जिल्ह्यात सरसकट वापरली जात असली, तरी तिच्यात भिन्न परंपरा सामावलेल्या आहेत. फ्री मेथॉडिस्ट पंथाचे कार्य, उमरी येथील रुग्णालय, तसेच १९५३ पासून यवतमाळ येथे असलेली व १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी या प्रॉटेस्टंट परंपरेतील संस्था होत. कॅथलिक संस्था मात्र अमरावती धर्मप्रांताच्या कक्षेत येतात. हा धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी नागपूर महाधर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे आजचे पाच जिल्हे त्यात मोडतात. चर्चच्या संपत्तीविषयी बोलताना हा भेद ध्यानात न घेतल्यास एका संस्थेची मालमत्ता दुसरीच्या नावावर मांडली जाते आणि चर्चेचा पायाच चुकतो.

२. वादाची पार्श्वभूमी : नियोगी समिती

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी यवतमाळ हा जिल्हा तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात होता. त्या राज्याच्या शासनाने एप्रिल १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनरी कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. समितीने ज्या जिल्ह्यांचा दौरा केला त्यांत वऱ्हाडातील यवतमाळ, अमरावती, अकोला व बुलढाणा यांचाही समावेश होता. अमरावती धर्मप्रांताची स्थापना झाली ती ही चौकशी सुरू असतानाच. कॅथलिक पक्षाने प्रारंभी सहकार्य केले. पुढे समितीची प्रश्नावली आक्षेपार्ह ठरवून सहकार्य काढून घेतले व न्यायालयात धाव घेतली. ती याचिका १९५६ मध्ये फेटाळली गेली.

त्याच वर्षी सादर झालेल्या अहवालात शाळा व रुग्णालये ही धर्मांतराची साधने म्हणून वापरली जातात, असा निष्कर्ष होता. ख्रिस्ती संघटनांनी तो एकांगी ठरविला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती अहवालातील एक आकडेवारी. जानेवारी १९५० ते जून १९५४ या काळात मिशन संस्थांना परदेशातून २९.२७ कोटी रुपये मिळाल्याचे अहवालात नमूद आहे. ही रक्कम संपूर्ण देशातील, सर्व पंथांची व सर्व प्रकारच्या कार्यांची होती. तिच्यावरून वऱ्हाडातील एखाद्या शाळेच्या तिजोरीचा अंदाज बांधता येत नाही. तथापि एकत्रित आकड्यावरून स्थानिक निष्कर्ष काढण्याची जी रीत तेव्हा रूढ झाली, ती पुढेही टिकून राहिली.

एप्रिल २०२५ मध्ये वक्फ कायद्यातील दुरुस्तीच्या वेळी एका साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर भारतातील कॅथलिक चर्चकडे सात कोटी हेक्टर जमीन असल्याचा दावा करणारा लेख प्रसिद्ध झाला. वाद उद्भवल्यानंतर तो काढून टाकण्यात आला. महाराष्ट्राचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ३.०८ कोटी हेक्टर आहे. म्हणजे दावा खरा मानल्यास चर्चची जमीन महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक, देशाच्या भूभागाच्या पाचव्या हिश्शाएवढी ठरेल. साध्या गणितानेही न टिकणारा आकडा गंभीर चर्चेचा आधार होऊ शकत नाही.

३. 'चर्चची मालमत्ता' म्हणजे कोणाची?

कॅथलिक धर्मसंस्था ही बाह्यतः एकसंध दिसत असली तरी तिची मालमत्ता एका हाती नसते. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार मालमत्तेची मालकी ती संपादन करणाऱ्या घटकाकडे राहते. धर्मग्राम, धर्मप्रांत व व्रतस्थ संघ हे असे स्वतंत्र घटक होत. एखादी शाळा धर्मभगिनींच्या संघाची असेल तर तिची इमारत धर्मप्रांताची असतेच असे नाही. याच संहितेनुसार विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी खर्च करणे बंधनकारक आहे.

या धार्मिक नियमनावर राज्याच्या कायद्याचा दुसरा स्तर आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा पुढे विदर्भालाही लागू झाला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्यानुसार न्यासाची नोंदणी, मालमत्तेची नोंद व वार्षिक लेखापरीक्षण आवश्यक असते. कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक, तर बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासही हीच अट आहे. रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक न्यासाचा पैसा त्याच्या मूळ हेतूबाहेर वळविण्यास मर्यादा घातली. मात्र शासकीय देखरेख वैध मानली.

तात्पर्य, शहराच्या मध्यवस्तीतील मिशनची जमीन आज कोट्यवधींची असू शकते. पण ती मैदान वा वर्गखोल्या म्हणून वापरात असेपर्यंत तिच्यातून शिक्षकाचा पगार निघत नाही. मालमत्ता, उत्पन्न आणि खर्च करण्याजोगी रक्कम या तीन भिन्न गोष्टी आहेत. 'चर्च श्रीमंत आहे' व 'शाळेकडे पैसा नाही' ही दोन्ही विधाने म्हणूनच एकाच वेळी खरी असू शकतात.

४. निधीचे स्रोत व त्यांचे परिणाम

(अ) विदेशी साहाय्य : १९७६ च्या विदेशी अंशदान कायद्याने या स्रोतावर नियमन आले. २०१० मध्ये नवा कायदा झाला. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने मिळालेले अंशदान दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई केली. मोठ्या संस्थेने निधी मिळवायचा व तालुक्याच्या ठिकाणच्या लहान न्यासाला द्यायचा, हा मार्ग त्यामुळे बंद झाला.

(आ) शासकीय अनुदान : राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे, अनुदान देताना त्यांच्याबाबत भेदभाव करता येत नाही. अनुदानित शाळेत वेतनाचा भार शासन उचलते, म्हणून शुल्क अल्प राहते. इंग्रजी माध्यमाच्या बहुसंख्य शाळा मात्र विनाअनुदानित वा स्वयंअर्थसहाय्यित आहेत.

(इ) व्रतस्थांचे श्रम : धर्मभगिनी व धर्मगुरू शिक्षकांचे वेतन त्यांच्या अकिंचनत्वाच्या व्रतामुळे संघाकडे जमा होते. ताळेबंदात देणगी म्हणून न दिसणारा हा मोठा आधार होय. अनुदानित शाळांतील अशा वेतनावरही उगमस्थानी करकपात होईल, हा निर्णय नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. नव्याने व्रत घेणाऱ्यांची संख्या जेथे घटते, तेथे त्यांच्या जागी पूर्ण वेतनावर शिक्षक नेमावे लागतात.

(ई) स्थानिक संकलन : आनंदमेळा, सोडत, स्मरणिकेतील जाहिराती, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या ही परिचित साधने होत. यांतून संगणककक्ष उभा राहू शकतो; दरमहाचा खर्च भागत नाही. शिवाय तिकिटे खपविण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपविल्यास ऐच्छिक दान व सक्ती यांतील सीमारेषा पुसट होते. प्रवेशाच्या बदल्यात रक्कम घेण्यास १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने मनाई केली आहे.

(उ) शुल्क : पहिले चार स्रोत आक्रसले की भार शुल्कावर येतो. यवतमाळच्या संदर्भात ही बाब विशेष गंभीर आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांचे विशेष साहाय्य ज्या सहा शेतीसंकटग्रस्त जिल्ह्यांसाठी जाहीर झाले, त्यांत अमरावती धर्मप्रांतातील पाचही जिल्हे होते. कोरडवाहू कापूस उत्पादकाच्या हाती पैसा येतो तो वेचणीनंतर. शाळेचे शुल्क मात्र जूनमध्ये, बियाणे व खते घेण्याच्याच वेळी द्यावे लागते. जिल्ह्यातील कोलाम, गोंड व परधान कुटुंबांपैकी अनेकांच्या बाबतीत तर हा विचारही दूरचा ठरतो. ज्यांच्या शिक्षणासाठी मिशनशाळा उभ्या राहिल्याचे सांगितले जाते, त्यांनाच शुल्काधारित व्यवस्था दाराबाहेर ठेवते.

येथे कायदेशीर विसंगतीही आहे. शिक्षणहक्क कायद्यातील दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के जागांची तरतूद २०१२ व २०१४ च्या न्यायनिर्णयांमुळे अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन सदस्यीय पीठाने २०१४ च्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठविण्याचा निर्देश दिला. कायद्याचे बंधन नसताना गरीब विद्यार्थ्यांसाठी किती जागा राखल्या जातात, ही त्यामुळे संस्थांच्या स्वेच्छेची कसोटी ठरते.

५. हिशोब कोणाला?

कॅथलिक शाळा आज धर्मादाय आयुक्त, आयकर विभाग, विदेशी अंशदान असल्यास केंद्रीय गृहमंत्रालय आणि धर्मप्रांताचे वरिष्ठ अशा अनेकांना हिशोब देते. हे सर्व हिशोब वरच्या दिशेने जातात. पालक, धर्मग्रामातील भाविक व देणगीदार यांच्यापर्यंत ते क्वचितच पोहोचतात. वास्तविक, भाविकांच्या दानाचा हिशोब भाविकांना द्यावा, अशी अपेक्षा धर्मसंहितेतही आहे. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने शुल्कनिश्चितीत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीस स्थान दिले आहे. केरळ विधि सुधारणा आयोगाने न्या. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली २००९ मध्ये चर्चच्या मालमत्तेसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा सुचविला होता, त्यामागेही हाच विचार होता. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा अस्तित्वात असल्याने नव्या कायद्यापेक्षा आहे त्या हिशोबांचे प्रकटीकरण अधिक निकडीचे आहे.

६. निष्कर्ष

चर्चच्या संपत्तीवरील टीका फुगविलेल्या आकड्यांवर उभी राहते, तेव्हा शाळाचालकांना तिचा प्रतिवाद सहज करता येतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. दुसरीकडे, टीका खोटी ठरली म्हणून उत्तरदायित्व संपत नाही. मालकी कोणाची, शुल्कातून किती जमा झाले, सवलतीवर किती विद्यार्थी शिकतात आणि ते कोणत्या स्तरातील आहेत, ही चार उत्तरे प्रत्येक शाळेने दरवर्षी सूचनाफलकावर लावल्यास वादाला वस्तुनिष्ठ आधार मिळेल. शुल्काचे हप्ते कापसाच्या हंगामाशी जुळविणे हा उपाय तर कोणत्याही देणगीवाचून करता येण्याजोगा आहे. कोलाम पोडावरील किंवा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातील मूल शाळेच्या वर्गात आहे की नाही, यावरच मिशनच्या जमिनीचा आणि दानाचा विनियोग योग्य होतो आहे की नाही, हे अखेर ठरेल.