कानाची खाच

नव्या गावात एसटीतून उतरले की स्टँडवर पहुडलेल्या कुत्र्यांचे कान बघायची मला गेली अठरा वर्षं सवय आहे. एका कानाच्या टोकाला व्ही अक्षरासारखी खाच दिसली की बरं वाटतं. या जिवाला कुणीतरी उचललं, भूल देऊन शस्त्रक्रिया केली, रेबीजची लस टोचली आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडलं, एवढी हकिगत त्या नखाएवढ्या खाचेत असते. मारण्याऐवजी नसबंदी करून सोडून द्यायचं, हे आपल्याकडे आधी सुचलं कुणाला? या प्रश्नामागे फिरत मी मद्रासपर्यंत पोचले.

भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे 2001 चे नियम, 2023 चे नवे नियम आणि 2025 मधले सर्वोच्च न्यायालयाचे आदेश वाचकांना ठाऊक आहेत. मुंबईचं 1832 सालही पुष्कळांनी वाचलेलं असेल. मोकाट कुत्रं मारलं की आठ आणे बक्षीस, त्या लोभाने शिपाई घराघरांपर्यंत पोचले, 6 जूनला पारशी समाज खवळला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला आणि गोऱ्या पलटणीची रसद अडली. शेवटी जमशेटजी जीजीभाईंनी मध्यस्थी केली. मागणी काय, तर कुत्री मारू नका, शहराबाहेर नेऊन सोडा. पण दर वर्षी मारूनही ती पुन्हा तेवढीच का होतात, हा प्रश्न त्या दंगलीत पुढे आला नाही.

तो विचारला मद्रासच्या एका वैमानिकाच्या घराने. कॅप्टन व्ही. सुंदरम आणि त्यांच्या पत्नी उषा सुंदरम, दोघंही विमान चालवणारे. 1951 साली या जोडप्याने मद्रास सरकारसाठी घेतलेलं डव्ह जातीचं विमान लंडनहून मुंबईला 27 तासांत आणलं होतं. 1959 च्या पावसात टी नगरच्या तुंबलेल्या रस्त्यावर गटांगळ्या खाणारी पिल्लं कॅप्टननी गाडीत घेतली, घरी आणली, आणि त्या घरातूनच ‘ब्लू क्रॉस’ ही संस्था उभी राहिली. दिल्लीच्या राजकारण्यांची विमानं चालवलेल्या उषाबाईंनी पुढची वर्षं जखमी कुत्र्यांच्या शुश्रूषेत काढली, ही गोष्ट मला त्यांच्या त्या 27 तासांच्या उड्डाणाहून मोठी वाटते.

त्यांचा मुलगा डॉ. एस. चिन्नी कृष्णा शिक्षणाने इंजिनीअर. त्याने दयेची भाषा बाजूला ठेवली आणि पालिकेचा हिशेब मांडला. मद्रासमध्ये पकडून मारण्याचा कारखाना 1860 पासून चालू होता. शंभर वर्षं मारूनही कुत्री कमी होण्याऐवजी वाढत असतील, तर उपायच चुकला आहे, एवढं साधं त्याचं म्हणणं. 1964 साली ‘ब्लू क्रॉस’ने नसबंदी आणि लसीकरणाची योजना पालिकेपुढे ठेवली. तिला ‘एबीसी’ (अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल) हे नावही कृष्णांचंच. काम बाराखडीइतकं सोपं आहे हे अधिकाऱ्यांना पटावं, म्हणून.

त्यांना ते पटायला तीस वर्षं गेली. कृष्णांच्या एका निबंधात मला एक वाक्य सापडलं आणि त्या रात्री पुढे वाचवेना. सत्तरच्या दशकात मारलेल्या कुत्र्यांची संख्या इतकी फुगली होती, की मद्रासच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने त्यांच्या कातड्यापासून नेकटाय आणि पाकिटं बनवून पाहिली. 1996 पर्यंत मारण्याचा आकडा रोज 135 वर गेला होता, असं तोच निबंध सांगतो. मधल्या काळात संस्थेचे स्वयंसेवक आपल्या खर्चाने शस्त्रक्रिया करत राहिले. 1995 मध्ये शहराच्या एका भागात पालिकेने ही पद्धत करून पाहिली, आणि मग मारणं थांबलं.

जयपूरच्या ‘हेल्प इन सफरिंग’ संस्थेने तर वर्षानुवर्षं मोजदाद ठेवली. नोव्हेंबर 1994 ते डिसेंबर 2002 या काळात तिथे 24,986 कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालं. माद्यांपैकी 65 टक्के झाल्या तेव्हा कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनी उतरली आणि त्या भागातले माणसांचे रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. डॉ. जॅक रीस आणि डॉ. चावला यांचा हा निबंध 2006 मध्ये छापून आला. आपल्या नगरसेवकांनी तो एकदा तरी वाचावा.

आमच्या शहरात वर्षातून दोनदा नसबंदीचं असंच एक स्वस्तातलं शिबीर भरतं, मार्केट यार्डामागच्या एका रिकाम्या गोदामात. गेल्या खेपेला मी टेबलाशी उभी होते. एका भाजीवाल्या मावशींनी जाळं लावूच दिलं नाही, आपली काळी कुत्री त्यांनी कडेवर आणली. “डॉक्टर, हिच्या तीन वेतांची पिल्लं नाल्यात गेली. आता पुरे.” भूल चढली, पोटावरचे केस निघाले. बोटभर चिरेतून डॉक्टरांनी आकडीने गर्भाशयाचा एक फाटा वर घेतला. शिसपेन्सिलीएवढा बारीक, गुलाबी. दोन गाठी, एक काप, मग दुसरी बाजू. आत विरघळणाऱ्या दोऱ्याचे टाके. शुद्ध यायच्या आत कानाला खाच आणि तिच्यावर दाबून धरलेला कापूस. पुढचे चार दिवस पिंजऱ्यात. मावशी रोज संध्याकाळी दूधभात घेऊन येत होत्या.

या स्वयंसेवकांबद्दल मला अपार आदर आहे, म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगते. दहा गल्ल्यांतून एकेक मादी उचलून शहराचं गणित बदलत नाही. राहिलेल्या माद्या वितच राहतात आणि रिकामी जागा भरून काढतात. जयपूरला यश आलं, कारण तिथे ठरावीक भागात माद्यांचं मोठं प्रमाण गाठलं आणि वर्षानुवर्षं टिकवलं. शिबिराने एकच प्रभाग धरावा, तिथली शेवटची मादी होईपर्यंत दुसरीकडे जाऊ नये. आणि उघड्या कचराकुंड्यांची जबाबदारी पालिकेने घ्यावी, ती डॉक्टरांच्या गळ्यात मारू नये.

उद्या सकाळी दूध आणायला जाल तेव्हा आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान बघा. आमच्या गल्लीत सात माद्या आहेत. दोघींचे कान अजून अखंड आहेत.